हिशेब मागणारी नगरी

मराठी मनाला काशी परिचित आहे ती तीर्थक्षेत्र आणि विद्येचे माहेरघर म्हणून. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्याने तिथे शास्त्राध्ययनाची परंपरा रुजवली, आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. या पुण्यनगरीच्या पोटात मात्र आणखी एक नगरी नांदत होती. ती होती सराफांची, विणकरांची, नावाड्यांची, लोहारांची आणि कहारांची. या दुसऱ्या काशीने 1781 ते 1916 या एकशे पस्तीस वर्षांत तीन वेळा अनिर्बंध संपत्तीला जाब विचारलेला पाहिला. एकदा तलवारीने, एकदा नुसत्या बसून राहण्याने आणि एकदा केवळ शब्दांनी. या तिन्ही प्रसंगांतील साधने निराळी होती, प्रश्न मात्र एकच होता: ज्यांच्याकडून धन गोळा होते, त्यांना त्याचा हिशेब कोण देणार?

हा प्रश्न इतक्या तीव्रतेने उभा राहण्याचे कारण तत्कालीन सत्तेच्या स्वरूपात होते. 1600 सालच्या अखेरीस सनद मिळवून स्थापन झालेली ईस्ट इंडिया कंपनी ही मुळात भागधारकांची व्यापारी संस्था. 1765 साली तिला बंगालची दिवाणी मिळाली आणि नफ्यासाठी चालणारी पेढी करवसुली करणारे सरकार बनली. राजा कितीही जुलमी असला तरी तो प्रजेमध्ये राहत असे. दुष्काळात तो वसुली सोडतो की नाही, हे प्रजा डोळ्यांनी पाहत असे. कंपनीचा धनी मात्र हजारो कोस दूर लंडनमध्ये बसून वार्षिक लाभांशाची वाट पाहत होता. 1770 सालच्या भीषण दुष्काळाने बंगालची प्रचंड मनुष्यहानी केली. तरीही 1771 सालची वसुली दुष्काळापूर्वीच्या 1768 सालच्या वसुलीहूनही अधिक भरली, आणि त्याच सुमारास भागधारकांचा लाभांश साडेबारा टक्क्यांवर नेण्यात आला. या दोन घटना एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या.

काशीचा प्रांत अयोध्येच्या नवाबाकडून कंपनीकडे आला तो 1775 साली. तेथील राजा चेतसिंह याने वर्षाला सुमारे साडेबावीस लाख रुपये खंडणी द्यावी, असे ठरले आणि तो ती देतही होता. परंतु 1778 साली फ्रेंचांशी युद्ध सुरू झाल्याचे निमित्त करून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने खंडणीखेरीज पाच लाखांची मागणी केली. पुढच्या दोन वर्षांतही तीच मागणी आली. नंतर घोडदळाची भर पडली. या हव्यासामागे मराठ्यांशी चाललेल्या युद्धाचा खर्चही होता. 1780 साली चेतसिंहाने हेस्टिंग्जला गुप्तपणे दोन लाख रुपये पोहोचवले. माळव्याकडे महादजी शिंद्यांविरुद्ध निघालेल्या तुकडीचा जादा खर्च आपण भागवतो, असे हेस्टिंग्जने कौन्सिलात सांगितले, आणि ती रक्कम जणू स्वतःची आहे असा समज होऊ दिला. काशीचा पैसा मराठ्यांविरुद्ध खर्च होत होता, आणि तो कोणाचा हे कौन्सिललाही ठाऊक नव्हते.

एवढे देऊनही राजावरील रोष शमला नाही. मागणी पुरी करण्यात त्याने टाळाटाळ केल्याचे ठरवून त्याच्यावर चाळीस-पन्नास लाखांचा दंड बसवायचा, या निश्चयाने ऑगस्ट 1781 मध्ये हेस्टिंग्ज स्वतः काशीस निघाला. बक्सर येथे सामोऱ्या गेलेल्या चेतसिंहाने आपले पागोटे त्याच्या मांडीवर ठेवले; तरीही 16 ऑगस्ट रोजी शिवाला घाटावरील वाड्यात राजाला नजरकैदेत ठेवण्यात आले. पहाऱ्यावरील शिपायांजवळ दारूगोळा नव्हता. ही वार्ता पसरताच रामनगरची हत्यारबंद माणसे गंगा ओलांडून आली, शहरातील जमावही लोटला, आणि त्या वाड्यात कंपनीचे शिपाई व अधिकारी कापले गेले. चेतसिंह एकाला एक बांधलेल्या पागोट्यांच्या आधाराने नदीकडे उतरून निसटला. काही दिवसांतच हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्याकडे पळ काढावा लागला. त्या पळापळीची थट्टा काशीच्या लोकांच्या तोंडी पुढे कित्येक पिढ्या राहिली.

परंतु थट्टेने हिशेब पुरा होत नाही. उठाव आजूबाजूच्या मुलखात पसरला आणि मोडला गेला. नोव्हेंबरात विजयगड पडला तेव्हा तेथे सापडलेला सुमारे तेवीस लाखांचा खजिना सैन्यानेच आपसात वाटून घेतला. ज्या पैशासाठी हा सारा खटाटोप झाला, तो कंपनीच्या तिजोरीतही गेला नाही. चेतसिंहाच्या जागी त्याचा भाचा महीपनारायण याला बसवण्यात आले आणि खंडणी चाळीस लाखांवर गेली. ती वाढ अखेर रयतेच्या माथी बसली. चेतसिंहाने पुढे महादजी शिंद्यांचा आश्रय घेतला आणि 1810 साली ग्वाल्हेरीस त्याचा अंत झाला.

या प्रकरणाचा जाब लंडनमध्ये विचारला गेला, ही गोष्ट इतिहासात अपूर्वच म्हणावी लागेल. 1786 सालच्या जूनमध्ये चार्ल्स जेम्स फॉक्स याने काशीविषयीचे आरोपपत्र पार्लमेंटात मांडले. पंतप्रधान पिट याने जादा मागणी करण्याचा कंपनीचा हक्क मान्य केला, पण दंडाची रक्कम अतोनात असल्याचे सांगून आरोपाच्या बाजूने मत दिले. एडमंड बर्क याच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी 1788 मध्ये सुरू झालेला महाभियोग सात वर्षे रेंगाळला आणि एप्रिल 1795 मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. कंपनीने त्याला वर्षाला 4,000 पौंडांची नेमणूक करून दिली. बर्कच्या वक्तृत्वाने सत्तेच्या नीतीविषयी एक मापदंड निर्माण केला हे खरे. तथापि ज्यांच्या नावाने हा खटला चालला, त्या काशीच्या रयतेची खंडणी त्यामुळे एका रुपयानेही उतरली नाही. तलवार हरली आणि दूरच्या न्यायासनाने हात झटकले, असा या पहिल्या प्रसंगाचा शेवट झाला.

दुसरा प्रसंग एका पिढीनंतरचा. मधल्या काळात वेलस्लीच्या स्वाऱ्यांनी, त्यांतही 1803 नंतरच्या मराठा युद्धाने, कंपनीचे कर्ज फार वाढवले होते. नव्या उत्पन्नाच्या शोधात असलेल्या लॉर्ड मिंटोच्या सरकारने 1810 सालच्या पंधराव्या नियमान्वये शहरांतील घरांवर कर बसवला. राहत्या घराच्या भाड्यावर शेकडा पाच आणि दुकानाच्या भाड्यावर शेकडा दहा, असा त्याचा दर होता. आकडा मोठा नव्हता. पण काशीच्या लोकांना त्यामागील तत्त्वच अमान्य होते.

डिसेंबर 1810 मध्ये दुकाने बंद झाली आणि हजारो माणसे घरेदारे सोडून शहराबाहेरच्या मैदानात धरणे धरून बसली. पुढाकार लोहारांचा होता. त्यांनी आसपासच्या गावांतील आपल्या जातभाईंना बोलावून घेतले. पाठोपाठ मिस्त्री, विणकर, न्हावी, शिंपी, कहार असे एकेक कारागीरवर्ग कामावरून उठले. नावाड्यांनी वल्ही ठेवली. अंत्यविधी करणारेही कामास येईनात, तेव्हा प्रेते विधीविना गंगेत सोडण्याची पाळी आली. ज्या नगरीत मरण यावे म्हणून लोक दूरदूरहून येत, तिच्यात मृताला अग्नी मिळू नये, यावरून त्या निर्धाराची खोली ध्यानात येते. विशेष असे की, केवळ वर्षभरापूर्वी, 1809 साली, लाट भैरवाच्या स्थानावरून याच शहरात हिंदू-मुसलमानांमध्ये रक्तपात झाला होता. आता दोन्ही समाजांतील कष्टकरी एकाच धरण्यात सामील होते.

या समुदायाच्या हाती शस्त्र नव्हते. निःशस्त्र माणसांवर फौज हत्यार चालवणार नाही, हीच आपली ढाल आहे अशी त्यांची समजूत असल्याचे इंग्रज अधिकाऱ्यांनीच सरकारला कळवले होते. धरणे ही मुळात काशीची परिचित रीत होती. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि आपल्या क्लेशाचे पाप त्याच्या माथी टाकी. या वेळी सारे शहर सरकारच्या दारात बसले होते.

त्यांच्या अर्जांतील युक्तिवाद आजही विचारात घेण्याजोगा आहे. पूर्वीच्या सुलतानांनी जमिनीची मालगुजारी घेतली, पण वाडवडिलांकडून आलेल्या वा विकत घेतलेल्या राहत्या घरापर्यंत राज्याचा हक्क कधी नेला नाही, असे ते म्हणत. मुद्रांक, जकात, नगरशुल्क हे सारे आम्ही भरतोच आहोत. मोहल्ल्यांच्या फाटकांची आणि चौकीदारांची तरतूदही आमच्याच पैशातून होते. मग हा नवा कर कशाबद्दल? मोबदला काय, असे विचारणारा हा करदाता होता. कर घेणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी येते, ही कल्पना कोणत्याही परदेशी ग्रंथातून उचललेली नव्हती. ती त्या बाजारातील व्यवहारातूनच आलेली होती.

गोंगाटापुढे नमल्यास सरकारचा धाक उरणार नाही, म्हणून कर रद्द करण्यास कलकत्त्याहून प्रथम नकार मिळाला. शहरात फौज सज्ज होती. जानेवारी उलटता उलटता उपासमार, थंडी आणि अंतर्गत मतभेद यांनी धरणे सैल पडू लागले. अखेर राजा उदितनारायण सिंह याच्या मध्यस्थीने लोक घरी परतले. हा उदितनारायण म्हणजे 1781 साली कंपनीने गादीवर बसवलेल्या महीपनारायणाचा पुत्र, हा योगायोग बोलका आहे. वरवर पाहता हा पराभव होता. पण सवलतींची भाषा सुरू झाली, आकारणीस नेट येईना, आणि शेवटी कंपनी सरकारला तो करच काढून टाकावा लागला. या आंदोलनाचे चित्र सर्वस्वी उजळ रंगवण्याचे कारण नाही. जातपंचायतीच्या शपथा आणि बहिष्काराची भीती यांनीही अनेकांना मैदानात आणून बसवले होते. तरीही 1781 च्या तलवारीला आणि वेस्टमिन्स्टरच्या वक्तृत्वाला जे साधले नाही, ते या बसलेल्या माणसांना साधले. याचे कारण त्यांच्या नैतिक श्रेष्ठत्वात शोधण्यापेक्षा एका साध्या वस्तुस्थितीत शोधणे योग्य ठरेल. शहराचे जीवन त्यांच्या हातांवर चालत होते आणि ते हात सर्वांनी एकाच वेळी मागे घेतले होते. नंतरच्या काळात कर व वसुलीविरुद्ध जी जी सामुदायिक आंदोलने झाली, त्यांपैकी 1844 सालच्या सुरतेच्या मीठकरविरोधी आंदोलनात हेच सूत्र पुन्हा दिसते.

काशीतील एक कर हटला. मूळ व्यवस्था मात्र हटली नाही. 1833 च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला. तेव्हा भागधारकांना वर्षाला साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून देण्याची हमी त्याच कायद्याने दिली. कंपनीचे राज्य 1858 साली संपले, तरी 1874 साली ती विसर्जित होईपर्यंत लाभांश चालूच होता. धंदा नाही, राज्य नाही, जबाबदारी तर नाहीच. पण प्राप्ती अबाधित. अनुत्तरदायी संपत्तीचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण.

तिसऱ्या प्रसंगी जाब स्वकीयांनाच द्यावा लागला. 6 फेब्रुवारी 1916 रोजी बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापना-समारंभात मोहनदास गांधी बोलावयास उभे राहिले. व्यासपीठावर हिऱ्या-माणकांनी मढलेले संस्थानिक होते. हे दागिने उतरवून देशबांधवांसाठी विश्वस्ताच्या नात्याने सांभाळल्यावाचून देशाची सुटका नाही, आणि कोठे भव्य प्रासाद उठत असल्याचे ऐकले की तो शेतकऱ्याच्या पैशातून उठतो हेच मनात येते, अशा आशयाचे बोल त्यांनी ऐकवले. भाषणाचा ओघ क्रांतिकारकांच्या बाँबकडे वळला तेव्हा ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबवू पाहिले, संस्थानिक उठून गेले आणि सभा अर्धीच राहिली. गांधींनी हिंसेचे समर्थन केले नव्हते. धनिकांना निर्दोष ठरवण्याचेही त्यांनी नाकारले होते.

त्या वर्षी कोकणातील गागोद्याचा एक वीस वर्षांचा तरुण शिक्षण सोडून काशीस आला होता. तो विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे विनोबा. या भाषणाच्या वृत्ताने प्रभावित होऊन त्यांनी गांधींशी पत्रव्यवहार केला आणि 7 जून 1916 रोजी अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची भेट घेतली. पस्तीस वर्षांनंतर, 1951 साली, तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांनी जमीनदाराकडे भूमिहीनांचा वाटा मागितला, त्या मागणीचे एक मूळ काशीच्या त्या अर्ध्यावर मोडलेल्या सभेत होते.

या तीन प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांचा संताप संपत्तीच्या केवळ आकाराने भडकत नाही. पाच लाखांची मागणी असो वा शेकडा पाचाचा कर, मागणाऱ्याला उलट विचारण्याची सोय नसते तेव्हा तो पेटतो. आज विम्याचे हप्ते वर्षानुवर्षे भरूनही आजारपणात नकाराचे पत्र हाती पडलेला माणूस ज्या बंद दारासमोर उभा असतो, ते दार काशीच्या लोहारांच्या ओळखीचे आहे. तो संताप कोणते रूप घेईल, हे पुष्कळदा त्या दाराआड बसलेल्यांवर अवलंबून असते. 1781 साली तिथे ऐकणारे कोणी नव्हते, आणि शिवाला घाटाच्या पायऱ्या रक्ताने भिजल्या. 1810 साली उशिरा का होईना ऐकावे लागले, आणि लोक आपापल्या घरी परतले. ती घरे करमुक्त झाली, यापेक्षाही ती आपली आहेत हे त्यांनी कंपनीकडून वदवून घेतले, हे अधिक महत्त्वाचे होते.