पाकिटाचं अस्तर आणि पाव तोळ्याचा हिशोब

लग्नपत्रिकेच्या पाकिटाला आतून रंगीत हातकागदाचं अस्तर लावलेलं तुम्ही पाहिलं असेलच. आज ती निव्वळ हौस. पण टपालाच्या इतिहासात डोकावलं की त्या अस्तरामागे एक प्रश्न दिसतो: पत्रातला मजकूर झाकून ठेवणं कोणाला परवडत होतं?

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे एकपानी पत्राचा दर थेट दुप्पट! त्यामुळे लोक पत्राचीच घडी घालून ती लाखेने बंद करायचे. १० जानेवारी १८४० ला रोलंड हिल यांच्या सुधारणेतून अर्ध्या औंसापर्यंत, म्हणजे साधारण १४ ग्रॅमपर्यंत, देशात कुठेही एक पेनी असा दर आला. आता कागद मोजायचे नव्हते, वजन करायचं होतं. पाकिटांची चलती सुरू झाली. १८४५ मध्ये एडविन हिल आणि वॉरन डी ला रू यांनी पाकिटं घडवणाऱ्या यंत्राचं पेटंटही घेतलं.

वजनावर पैसे म्हटल्यावर पातळ कागद बरा. पण पातळ कागद दिव्यासमोर धरला की आतली अक्षरं दिसतात. का? (इथे माझ्या पीएचडीचा विषय येतो, म्हणून जरा थांबू.) कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो तो तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्यामुळे. सेल्युलोजचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १. प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, विखुरतो. वडापावच्या कागदावर तेल पडलं की तो पारदर्शक होतो, कारण तेल हवेची जागा घेतं आणि त्याचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळचा असतो. पातळ कागदात अशा सीमाच कमी.

अस्तर या सीमा वाढवतं. शिवाय गडद रंग प्रकाश शोषतो, आणि हातकागदातले आडवेतिडवे तंतू, फुलांचे तुकडे अक्षरांचे आकार मोडून टाकतात. अस्तर फक्त झाकणाच्या कडेला चिकटवतात, पूर्ण नाही. त्यामुळे घडीवर सुरकुत्या पडत नाहीत, आणि दोन कागदांमधली हवा शाबूत राहते!

आता भारतात येऊ. १ ऑक्टोबर १८५४ पासून डलहौसीच्या काळात अर्ध्या आण्यात पत्र देशभर कुठेही जाऊ लागलं. वजनाची मर्यादा मात्र पाव तोळा, म्हणजे २.९ ग्रॅम. आपला साधा ए-फोर कागदच ५ ग्रॅमचा असतो. मी हिशोब केला: २० बाय २० सेंटिमीटरचं, दर चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या हातकागदाचं अस्तर ४ ग्रॅम भरतं. म्हणजे पत्र आणि पाकीट सोडाच, नुसतं अस्तरच मर्यादेबाहेर. ब्रिटनच्या १४ ग्रॅममध्ये ते आरामात बसलं असतं.

मग १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. निरोप निम्म्या पैशांत पोचू लागला, पण उघडा. वाटेत कोणीही वाचावा असा. अर्थात ज्याला वाचता येत नव्हतं, तो बंद पाकीटसुद्धा कोणाकडून तरी वाचूनच घ्यायचा, बऱ्याचदा पोस्टमनकडूनच.