घरच्या एलचे गुणपत्रक

विल्यम शेक्सपिअरचे वडील जॉन यांना 1556 मध्ये स्ट्रॅटफर्ड गावाने एक काम दिले : एल ही बिअर चाखण्याचे. गावात विकली जाणारी एल कसदार आहे ना, भाव ठरल्याप्रमाणे आहे ना, हे त्यांनी पाहायचे. पाव आणि एल यांचे भाव धान्याच्या दराशी बांधणारा कायदा इंग्लंडमध्ये तेराव्या शतकातच झाला होता. तो राबवायचा तर चाखणारा माणूस हवाच.

या चाखणाऱ्यांची एक दंतकथा आहे. बाकावर एल सांडून ते म्हणे कातडी चड्डीनिशी त्यावर बसत. चड्डी चिकटली, तर साखर जास्त उरली! गोष्ट रचलेली वाटते, पण साखरेचा प्रश्न खरा होता.

त्याचे उत्तर हायड्रोमीटर या तरंगत्या नळीने दिले. जॉन रिचर्डसन यांनी 1784 मध्ये बिअर बनवणाऱ्यांसाठी त्याच्या वापरावर पुस्तक लिहिले. माल्टच्या गोड काढ्यात ही नळी सोडायची. साखर जितकी जास्त, तितकी ती वर तरंगते. आंबवण्याआधी पाण्याच्या तुलनेत घनता 1.040 आणि नंतर 1.010 भरली, तर अल्कोहोल सुमारे 4 टक्के.

सरकारलाही हे माप सोयीचे पडले. ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी 1880 मध्ये माल्टवरचा कर काढून तो काढ्याच्या घनतेवर बसवला आणि घरी एल करणाऱ्यालाही परवाना लावला. ही अट अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी 1963 मध्ये उठवली. मग घरोघरी पिंपे भरू लागली.

घरच्या बिअरच्या स्पर्धा आल्या, तसे परीक्षकही आले. अमेरिकेत 1985 मध्ये सुरू झालेल्या परीक्षक-प्रमाणन कार्यक्रमाचे गुणपत्रक आज अनेक देशांत चालते. एकूण गुण 50 : वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5, एकंदर मताला 10.

इंग्लिश बिटर ही एल समोर आली की परीक्षक आधी नाक लावतो, कारण नाजूक गंध लवकर उडतात. मग पेला उजेडाकडे धरून रंग आणि फेस पाहायचा, आणि त्यानंतर घोट. बिस्किटासारखा माल्ट आणि हॉपचा कडवटपणा जिभेवर यायला हवा. फार गार एलमध्ये यातले काहीच कळत नाही. 12 अंश सेल्सिअसच्या आसपास ती बोलू लागते.

दोषही नाकालाच सापडतात. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बहुधा यीस्टचे काम अर्धवट राहिले; उकडलेल्या मक्याचा आला, तर काढा नीट उकळला नसावा. लोण्याचा वास मात्र बिटरमध्ये अगदी हलका असेल तर खपतो. लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरमध्ये त्याच वासाबद्दल गुण कापले जातात.