रक्तांतील साखर उतरते तेव्हां



मधुमेह हा रोग आपल्या देशास फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. मूत्र मधासारखें गोड होतें व त्याकडे मुंग्या धांवतात, ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांनीं नोंदून ठेविली आहे. परंतु आज ज्या विकाराचा इतिहास मी सांगणार आहें, तो मधुमेही मनुष्यासच होणारा असूनही त्या वैद्यांच्या ग्रंथांत शोधून सांपडावयाचा नाहीं. कारण तो मधुमेहाच्या औषधाबरोबरच त्याच्या घरांत आला. रक्तांतील साखर प्रमाणाबाहेर वाढणें हा मूळ रोग. औषधाच्या जोरानें ती प्रमाणाबाहेर उतरणें हा उपचाराचा उपद्रव. वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षें सावकाश नुकसान करते. उतरलेली साखर मात्र अर्ध्या-पाऊण तासांत धडधाकट माणसास बेशुद्ध पाडूं शकते. म्हणून ती ओळखतां येणें हें महत्त्वाचें. आणि तिची ओळख पटविणें वाटतें तितकें सोपें नाहीं, हें वैद्यांनाही हळूहळूच उमगत गेलें.

१९२१ सालच्या उन्हाळ्यांत कॅनडांतील टोरोंटो विद्यापीठांत, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत, फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट या दोघा तरुणांनीं कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले व स्वादुपिंडाच्या अर्कानें रक्तांतील साखर उतरते असें दाखविलें, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या वर्षाच्या अखेरीस जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. अर्क शुद्ध करण्याचें काम त्यांच्याकडे होतें, आणि तो कितपत प्रभावी झाला हें पाहण्यासाठीं ते तो सशांना टोंचीत. कांहीं वेळानें ससे अस्वस्थ होत, मग मान मागें टाकून त्यांना झटके येत, आणि अखेर ते निपचित पडत. अर्कांत कांहीं विष राहिलें असावें, अशी शंका कोणासही आली असती. परंतु मरणोन्मुख सशास ग्लूकोज टोंचतांच तो उठून बसे! दोष विषाचा नव्हता; सशाच्या रक्तांतील साखर संपत आली होती. त्याच सुमारास अमेरिकेंत मेयो क्लिनिकमध्यें फ्रँक मान यांनीं यकृत काढलेल्या कुत्र्यांत हाच चमत्कार पाहिला होता.

या सशांचें एक ऋण आपण विसरून गेलों आहों. इन्शुलिनची मात्रा आजही 'युनिट' या मापानें मोजतात. हें माप प्रथम ठरलें तें असें: चोवीस तास उपाशी ठेविलेल्या दोन किलोग्रॅम वजनाच्या सशाची साखर झटके येण्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे १०० घनसेंटिमीटर रक्तांत ४५ मिलिग्रॅमपर्यंत, उतरविण्यास जितकें औषध लागेल तें एक युनिट. रुग्णांसाठीं हें माप फार मोठें पडूं लागल्यावर त्याचा तिसरा हिस्सा घेतला गेला. औषधाचें माप त्याच्या अपघातावरून ठरावें, असें उदाहरण वैद्यकांत विरळाच.

११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिलें इंजेक्शन मिळालें. २३ जानेवारीस कॉलिप यांचा शुद्ध अर्क देण्यांत आला व मुलाची प्रकृति पालटली. त्याच वर्षीं टोरोंटोच्या रुग्णालयांतील फ्लेचर व कॅम्पबेल या दोघा डॉक्टरांनीं साखर उतरल्यानें माणसास काय होतें याचें पहिलें व्यवस्थित वर्णन प्रसिद्ध केलें. एकाएकीं भूक, थरकांप, घाम, पोटांत खड्डा पडल्यासारखी भावना, उगाच वाटणारी भीति, आणि साखर आणखी उतरली तर बोलण्यांत गोंधळ व शेवटीं बेशुद्धि. उपाय म्हणून संत्र्याचा रस किंवा गोड गोळी जवळ बाळगावयाची. त्या काळच्या मधुमेह्यांच्या मनाचें काय झालें असेल याची कल्पना करा. इन्शुलिनपूर्वीं त्यांना अर्धपोटीं ठेवून जगविलें जाई, साखरेचा कण म्हणजे पाप. आणि आतां तीच साखर खिशांत ठेवा असें डॉक्टर सांगूं लागले.

ही लक्षणें दोन वेगळ्या उगमांतून येतात, आणि पुढील सारी गोष्ट या भेदावर अवलंबून आहे. १९२४ सालीं हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, साखर उतरतांच शरीर अ‍ॅड्रेनलीन रक्तांत सोडतें. यकृतांत सांठविलेली साखर बाहेर काढावी हा त्याचा हेतु. घाम, धडधड, थरकांप हीं या धांवपळीचीं लक्षणें. चोर अंगणांत आला असतां कुत्रें भुंकावें तशीं. दुसरीं लक्षणें चोर घरांत शिरल्याचीं. मेंदूस ग्लूकोजवांचून क्षणभर चालत नाहीं; तें कमी पडलें कीं विचार, वाणी, दृष्टि, तोल, स्वभाव, सर्वच बिघडूं लागतें. कुत्रें भुंकलें तर घरधनी जागा होतो. न भुंकतां चोर आंत शिरला, तर घरधन्यास तो कळावयाचा तरी कसा? ज्या बुद्धीनें ओळखावयाचें तीच आधीं मंद झालेली असते.

हीं दुसऱ्या प्रकारचीं लक्षणें किती वेष पालटूं शकतात, हें मधुमेह नसलेल्या कांहीं रुग्णांनीं शिकविलें. स्वादुपिंडांत एक लहानशी गांठ होते व ती भलतेंच इन्शुलिन ओतीत राहते. १९२७ सालीं मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर व सहकाऱ्यांनीं अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. तो रुग्ण स्वतःच डॉक्टर होता. दोन वर्षांनीं टोरोंटोच्याच रॉस्को ग्रॅहॅम यांनीं अशी गांठ काढून एका रुग्णास बरें केलें. पण गांठ सांपडेपर्यंत अशा किती जणांना अपस्माराचे रोगी, वेडे, उन्मादी किंवा दारुडे ठरविलें गेलें असेल! सकाळीं उपाशीपोटीं भ्रमिष्टासारखें वागणारा मनुष्य न्याहारीनंतर शहाणा होतो, ही गोष्ट घरच्यांच्या नजरेंत येई, पण तिचा अर्थ लागत नसे. अखेर न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य अ‍ॅलन व्हिपल यांनीं १९३८ सालीं कसोटी छापली: लक्षणें असावींत, त्याच वेळीं रक्तांतील साखर कमी भरावी, आणि साखर देतांच लक्षणें जावींत. लक्षण कोणतें, याला या कसोटींत महत्त्व नाहीं, आणि तेंच तिचें शहाणपण होय. शल्यकर्मासाठीं बांधलेली ही कसोटी आजही वैद्य वापरतात.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांतील डॉ. रॉबर्ट लॉरेन्स हे स्वतः मधुमेही. १९२३ सालीं ते मृत्यूच्या दारांत असतां इन्शुलिन लंडनमध्यें पोंचलें व ते वांचले. पुढें १९३४ सालीं लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह त्यांनीं मधुमेह्यांची संघटना स्थापन केली. व्यायामानें इन्शुलिनचा जोर वाढतो हें १९२६ सालीं दाखविणारे तेच. १९४१ सालीं 'लॅन्सेट' या पत्रांत त्यांनीं असें लिहिलें कीं, इन्शुलिन घेण्यास बरीच वर्षें लोटलीं म्हणजे साखर उतरल्याचीं लक्षणें पालटतात. पहिल्या वर्षांतले घाम, धडधड, थरथर हे जुने सूचक मागें पडतात आणि मेंदूचीं लक्षणें एकदम पुढें उभीं राहतात. रोगी असलेल्या वैद्यानेंच हें पाहावें, यांत मला कांहीं नवल वाटत नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास प्रत्येक प्रसंग वेगळा दिसतो. ज्याच्यावर तो वीस वर्षें ओढवत आला त्यासच आपली खूण बदलल्याचें कळावयाचें. 'मला साखर उतरली कीं घाम येतो, आज घाम नाहीं, म्हणजे कांहीं झालें नाहीं' हा हिशेब जुन्या मधुमेह्यांनीं करूं नये, तो याच कारणास्तव.

त्या काळच्या नव्या इन्शुलिननेंही यांत भर घातली होती. १९३६ सालीं डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनीं सावकाश पाझरणारें इन्शुलिन तयार केलें. दिवसांत टोंचण्या कमी झाल्या, पण साखर रात्रीं हळूहळू उतरूं लागली. मनुष्य झोंपलेलाच राही. खुणा दिसत त्या सकाळीं: ओलीं झालेलीं कपडे-चादर, डोकें जड, रात्रभर वाईट स्वप्नें, उठल्यावर अकारण चिडचीड. अशी सकाळ वारंवार उगवत असेल तर ती डॉक्टरांस अवश्य सांगावी.

याहून विचित्र खुणाही वैद्यकांत नोंदलेल्या आहेत. कोणाच्या ओंठांना व जिभेच्या टोंकाला मुंग्या येतात. कोणास एकाच्या दोन वस्तु दिसतात. कोणी सारख्या जांभया देतो. कोणी एका वाक्याशीं अडखळून तेंच पुन्हा म्हणतो. अबोल मनुष्य बडबडूं लागतो, बोलका गप्प होतो. कोणी उगाच रडतो किंवा हंसतो. वृद्धांच्या बाबतींत अर्ध्या अंगाची शक्ति जाऊन पक्षाघाताचाच भास होतो, किंवा 'वय झालें' म्हणून घरचे सोडून देतात. आणि सर्वांत फसवी खूण म्हणजे हट्ट. साखर पुढें केली असतां 'मला कांहीं झालेलें नाहीं, माझ्यामागें लागूं नका' असें खेंकसून सांगणें हें पुष्कळदां त्या विकाराचेंच बोलणें असतें. पत्नीस किंवा आईस तें आधीं कळतें, आणि बोलणी तिलाच खावीं लागतात. १९९३ सालीं एडिंबरा येथील संशोधकांनीं लक्षणांची वर्गवारी केली, तींत घाम-धडधड एका गटांत व गोंधळ, झोंप, विचित्र वागणूक दुसऱ्या गटांत ठेवून डोकेदुखी व मळमळ यांचा तिसरा गट केला.

हा सारा धोका इन्शुलिन घेणाऱ्यांसच आहे, असें समजून अनेक घरें निश्चिंत असतात. १९४२ सालीं फ्रान्समधील माँपेलिए येथें डॉ. जाँबों हे विषमज्वराच्या रोग्यांवर एक नवें गंधकयुक्त औषध वापरून पाहात होते. कांहीं रोग्यांना झटके आले, कांहीं दगावले. ज्वराच्या भरांत असें होतेंच, म्हणून प्रकरण मिटलें असतें. पण त्यांची साखर उतरलेली आढळली, आणि ओग्यूस्त लूबातिएर यांनीं त्या औषधाचा हा गुण शोधून काढला. १९५५-५६ पासून मधुमेहावर मिळूं लागलेल्या गोळ्यांचा वंश हाच. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या त्याच कुळांतल्या असून आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत. गोळी नेहमींप्रमाणें घेतली आणि चतुर्थी किंवा एकादशी म्हणून जेवण मात्र टाळलें, तर काय होईल हें वेगळें सांगावयास नको. पूर्वीं घरोघरीं मूत्र बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत उकळून पाहात. रंग निळाच राहिला कीं समाधान. पण साखर ठीक असो कीं धोक्याइतकी उतरलेली असो, रंग निळाच राहावयाचा!

लॉरेन्स यांच्या निरीक्षणाचें कारण कळण्यास आणखी अर्धें शतक लागलें. अमेरिकेंतील १,४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ सालीं आले. साखर काटेकोर राखल्यानें डोळे, मूत्रपिंडें व नसा वांचतात, हें सिद्ध झालें. पण त्या गटांत साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिप्पट झाले. त्याच अभ्यासाच्या पूर्वार्धांत असेंही आढळलें होतें कीं, अशा गंभीर प्रसंगांपैकीं निम्म्याहून अधिक झोंपेंत घडले, आणि जागेपणींच्या प्रसंगांत शेंकडा ३६ वेळां कसलीही पूर्वसूचना नव्हती. सेंट लुई येथील फिलिप क्रायर व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, एकदां साखर उतरली कीं दुसऱ्या वेळीं शरीराची हांकाटी मंद होते. वारंवार उतरली तर कुत्रें भुंकेनासेंच होतें. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉलसारखीं औषधेंही थरथर व धडधड झांकतात. घाम मात्र त्यांतही बहुधा राहतो, हें ध्यानांत ठेवावें. यांत एक आनंदाची वार्ता आहे. इटलींत पेरूजा येथें व मागाहून लंडन येथें असें आढळलें कीं, कांहीं आठवडे साखर कटाक्षानें उतरूं दिली नाहीं, तर हरपलेली जाणीव बऱ्याच अंशीं परत येते.

आतां कातडीखालीं बसविलेला तंतु साखर सतत मोजून गजर देतो. तें यंत्र नसेल तर बोटाच्या थेंबावरून घरींच मोजतां येतें. रोजच्याहून वेगळें कांहीं दिसलें कीं आधीं मोजावें. मोजतां येत नसेल तर साखर उतरली आहे असेंच धरून चालावें. आंकडा ७० च्या खालीं असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लूकोज पाण्यांतून द्यावें व पंधरा मिनिटांनीं पुन्हा पाहावें. पेढा-बर्फी येथें कामाची नाहीं, तुपादुधामुळें ती सावकाश पचते. आणि अकार्बोज वा व्होग्लिबोज घेणाऱ्यास साधी साखर उशिरां लागू पडते, त्यास ग्लूकोजच द्यावें. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही ओतूं नये. त्यास कुशीवर करून डॉक्टरांस बोलवावें. अशा वेळीं टोंचावयाचें ग्लूकागॉन हें द्रव्य १९२३ सालीं किंबॉल व मर्लिन यांना स्वादुपिंडाच्या अर्कांत सांपडलें होतें. अर्क टोंचल्यावर साखर उतरण्याऐवजीं कांहीं वेळ चढते, यावरून. आणि गोळ्यांनीं साखर उतरलेला मनुष्य शुद्धीवर आला तरी त्यास घरींच ठेवूं नये, रुग्णालयांत न्यावें. त्या गोळ्यांचा अंमल तास न् तास, कधीं दुसऱ्या दिवसापर्यंतही, पुरतो.