दुरुस्तीक्रमांक आणि अधिकार : व्हीलॅन-याद्यांच्या एकरूपतेचा प्रश्न

एकाच संस्थेतील संगणक कोणत्याही मजल्यावर असोत, त्यांचे विभागवार स्वतंत्र गट पाडण्याची सोय म्हणजे आभासी स्थानिक जाळे. रूढ भाषेत व्हीलॅन. आय.ई.ई.ई. या संस्थेने १९९८ साली ८०२.१क्यू हे मानक प्रसिद्ध केले आणि फ्रेमला जोडावयाच्या खुणेत गटक्रमांकासाठी १२ बिटे राखली. त्यामुळे ४०९४ गटक्रमांक उपलब्ध झाले आणि फ्रेम कोणत्या गटाची, हा प्रश्न सुटला. परंतु गटांची यादी प्रत्येक स्विचमध्ये निरनिराळी ठेवलेली असे. या सर्व याद्या एकरूप राखावयाच्या कशा?

सिस्को कंपनीने व्ही.टी.पी. या पद्धतीने त्यास उत्तर दिले. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत, सर्व्हर म्हणून नेमलेल्या स्विचवर फेरफार झाला की यादीचा दुरुस्तीक्रमांक एकाने वाढे. ती यादी ट्रंक-जोडण्यांवरून सर्वत्र जाई, आणि लहान क्रमांकाची यादी बाळगणारा स्विच आपली यादी टाकून नवी स्वीकारी. योजना सुटसुटीत खरी. पण जिचा क्रमांक मोठा तीच यादी प्रमाण, हे तिचे गृहीतकृत्य होते. प्रयोगशाळेत वारंवार हाताळलेला एखादा स्विच, क्षेत्रनाम व संकेतशब्द तेच असताना, चालू जाळ्यास जोडला तर त्याचीच यादी सर्वत्र पसरे. तीत नसलेले गट नाहीसे होत व त्यांना नेमलेली पोर्टे निष्क्रिय पडत. तो स्विच केवळ क्लायंट असला तरीही हा अनर्थ टळत नसे! अलीकडची प्रत ती शुद्ध प्रत नव्हे, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकास सांगावयास नको. येथे तर क्रमांकावरून प्रत अलीकडची आहे, एवढेदेखील सिद्ध होत नव्हते. तीत फेरफार किती वेळा झाले, इतकेच कळत होते.

साहजिकच अनेक व्यवस्थापकांनी स्विच ‘ट्रान्सपरंट’ अवस्थेत ठेवून याद्या हातांनी लिहिणे पत्करले. म्हणजे मूळचा विसंवादाचा धोका परत आला. तिसऱ्या आवृत्तीने मात्र मर्मावर बोट ठेवले : दुरुस्तीक्रमांक राहिला, पण फेरफाराचा अधिकार हेतुपुरस्सर नेमलेल्या एकाच प्राथमिक सर्व्हरकडे गेला.

मानकांच्या मार्गाने आलेल्या जी.व्ही.आर.पी. व २००७ मधील एम.व्ही.आर.पी. या पद्धतींचा रोख निराळा होता. कोणत्या जोडणीवर कोणता गट हवा, एवढीच मागणी त्या पुढे कळवीत. २००६ साली नेटकॉन्फ प्रसिद्ध झाल्यावर मूळ यादी स्विचबाहेर ठेवून तेथून सर्व स्विचांवर लिहिण्याची वाट प्रशस्त झाली. तथापि एखाद्या व्यवस्थापकाने निकडीच्या वेळी स्विचवर थेट फेरफार केला, तर बाहेरची यादी खरी की स्विचमधली, हे आजही कोणास तरी ठरवावे लागते.