१०, ३०, पुन्हा १०

मावशीच्या बायोप्सीत 'हर-टू' निगेटिव्ह, ऑपरेशननंतर पॉझिटिव्ह! "अरे, मग खरं काय?" तिने मलाच विचारलं. कॉम्प्युटरवाल्याला सगळं कळतं ना! डॉक्टर म्हणाले, सुईत गाठीचा कणभरच भाग येतो, आणि गाठ सगळीकडे सारखी नसते. पटलं.

पण इतिहास चाळला तर गंमतच. १९९८ साली अमेरिकेत हर्सेप्टिन आलं, तेव्हा १० टक्क्यांहून जास्त पेशींची कड पूर्ण, गडद रंगली की पॉझिटिव्ह. २००७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी ही सीमा ३० केली, २०१३ मध्ये परत १०! म्हणजे २० टक्केवाली गाठ २००६ त पॉझिटिव्ह, २००८ त 'संदिग्ध', २०१४ त पुन्हा पॉझिटिव्ह. पेशी त्याच.

मावशीला सांगितलं. म्हणाली, "ते राहू दे, औषध मिळणार ना?"

सोमवारी पहिला डोस आहे.