वसईचा किल्ला नव्हे, हे तर अख्खं शहर! भाईंदरहून एका दिवसात ते पायी कसं पाहायचं?

मीरा-भाईंदरच्या कुटुंबांसाठी वसईचा किल्ला म्हणजे खाडीपलीकडचं ठिकाण. रेल्वे पुलावरून जाताना खाडी दिसते, पण किल्ल्यापर्यंत जाणारे कमीच. गाडीने जायचं तर घोडबंदर आणि महामार्गावरून तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा. २० फेब्रुवारी २०२४ रोजी भाईंदर-वसई रो-रो फेरीबोट सुरू झाली आणि हे चित्र बदललं. खाडी ओलांडायला बोटीला साधारण १५ मिनिटं लागतात आणि ती थांबते ती थेट किल्ल्याच्या दाराशी.

पण तिथे गेल्यावर बरेच जण एक-दोन पडक्या भिंतींसमोर फोटो काढून परततात. कारण आपण एका शहरात उभे आहोत, हेच लक्षात येत नाही.

हे शहर कोणाचं होतं?

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. १५३६ पासून इथे बालेकिल्ल्याचं काम सुरू झालं. पुढे त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि तिला तटबंदीने वेढण्यात आलं. पोर्तुगीज या शहराला 'बासाइम' म्हणत. त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची ही राजधानी होती. साष्टी, ठाणे, चौल, दमण हे सगळे भाग त्याच प्रांतात येत.

म्हणजे तटाच्या आत फक्त सैनिक राहत नव्हते. घरं होती, रस्ते होते, बाजार होता, न्यायालय, तुरुंग, रुग्णालय आणि चर्च होती. जहाजबांधणीसाठीही वसई प्रसिद्ध होती. इथला काळा दगड गोव्यापर्यंत जात असे.

पायी फिरताना क्रम काय ठेवायचा?

बोटीने उतरलात तर सुरुवात बंदराकडच्या दरवाजापासून करा. समुद्रमार्गे येणारा माल आणि माणसं इथूनच शहरात शिरत. दरवाजा सरळ नाही, वळण घेऊन आत जातो. शत्रूला थेट धडक मारता येऊ नये, म्हणून ही रचना.

आत आलं की सेंट जोसेफ कॅथेड्रलचा उंच मनोरा दिसतो. छप्पर आता नाही, पण मनोरा आणि कमानी उभ्या आहेत. तिथून पुढे बालेकिल्ला. शहराचा हा सगळ्यात जुना भाग.

यानंतर वेगवेगळ्या ख्रिस्ती धर्मसंघांची चर्च आणि मठ लागतात. डॉमिनिकन, जेझुइट आणि फ्रान्सिस्कन. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये वर बघण्याइतकंच खाली बघणं महत्त्वाचं आहे. जमिनीत कोरीव थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. त्यावरची पोर्तुगीज अक्षरं आजही वाचता येतात. मुलांना अशा दगडांवरची वर्षं शोधायला सांगा, आकडे त्यांनाही ओळखता येतील.

शेवटी जमिनीकडच्या दरवाजाकडे आणि चिमाजी अप्पांच्या स्मारकाकडे जा. सगळं निवांत पाहायला तीन ते चार तास लागतात.

वसई पडली ती भाईंदरच्या बाजूने कशी?

वसईला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. त्यामुळे नुसत्या जमिनीवरच्या हल्ल्याने हे शहर घेणं अवघड होतं. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी १७३७ मध्ये मोहीम उघडली, तेव्हा मराठ्यांनी आधी आजूबाजूची ठाणी घेतली. ठाणे आणि घोडबंदर त्याच वर्षी हातात आलं.

महत्त्वाचा होता धारावीचा किल्ला. मुंबईतली धारावी नव्हे, तर भाईंदर पश्चिमेला डोंगरी-चौक भागातली टेकडी. ही टेकडी खाडीच्या तोंडाशी, वसईच्या बरोबर समोर आहे. १७३९ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ती घेतली आणि वसईला समुद्रातून मिळणाऱ्या मदतीवर तोफांचा पहारा बसला.

मग मे महिन्यात तटाखाली सुरुंग लावून सेबास्टियन बुरुजाला खिंडार पाडण्यात आलं. दोन्हीकडे मोठी हानी झाली. अखेर पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. तहानुसार त्यांच्या सैन्याला शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडू देण्यात आलं. जे ख्रिस्ती मागे राहिले, त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. २०५ वर्षांची पोर्तुगीज सत्ता इथे संपली.

वसईच्या घंटा कुठे गेल्या?

विजयानंतर चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी नेल्या आणि मंदिरांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा आणि भीमाशंकरची घंटा ही त्याची उदाहरणं. वसई जिंकली तर मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला केला होता, असं सांगतात. वज्रेश्वरी गावातलं मंदिर त्यातूनच उभं राहिलं.

पुढे १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, नंतर तहाने परत केली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो इथेच. शाळेच्या पुस्तकातला 'वसईचा तह' तो हाच.

आज तिथे काही जिवंत आहे का?

आहे. नागेश्वराच्या मंदिरात पूजा होते. जवळच संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं चर्च आहे. गोन्सालो वसईत जन्मले, १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत त्यांना क्रूसावर मारण्यात आलं आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. बंदराजवळ कोळी बांधवांची होडी-जाळ्यांची कामं चालू असतात.

त्यामुळे इथे एका घरातल्या मुलांना चिमाजी अप्पांच्या पराक्रमाची गोष्ट सांगितली जाते, तर वसईतल्या दुसऱ्या घरात याच भिंती पूर्वजांच्या प्रार्थनास्थळाच्या आठवणी असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्याशिवाय हे शहर कळत नाही.

जाण्याआधी काय लक्षात ठेवायचं?

- बोटीची वेळ त्याच दिवशी तपासा. भरती-ओहोटी आणि पावसाचा फेऱ्यांवर परिणाम होतो.
- बोट नसेल तर लोकलने वसई रोडला उतरून बस किंवा रिक्षा घ्या.
- सकाळी लवकर निघा. पाणी, टोपी आणि खाऊ सोबत ठेवा. गवतात चालायचं असल्याने बूटच घाला.
- मनोऱ्यांचे जिने अंधारे आणि झिजलेले आहेत. मुलांना एकटं चढू देऊ नका.
- निर्जन अवशेषांत उशिरापर्यंत थांबू नका.

'कोल्डप्ले'च्या 'हिम फॉर द वीकेंड' गाण्यात हा किल्ला झळकल्यापासून इथे रील्स आणि फोटोशूट करणाऱ्यांचा ओढा आहे. त्यात वाईट काही नाही. पण रीलसाठी कमानीवर चढणं किंवा दगडावर नावं कोरणं नको. हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि त्याचं नुकसान करणं हा गुन्हा आहे. झाडांच्या मुळांनी अनेक भिंती आधीच पोखरल्या आहेत. एकदा दगड निखळला की त्या घराचा, त्या रस्त्याचा शेवटचा पुरावाही जातो.