दम खाण्याची ३० मिनिटे : हेलसिंकी १९५२

१/
२३ जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिम्पिकमधील फ्रीस्टाइल कुस्तीचा बॅन्टमवेट गट. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव जपानच्या शोहाची इशी यांच्याशी सुमारे १५ मिनिटे झुंजून मॅटवरून उतरले. घाम पुसून होतो न होतो तोच पुढच्या कुस्तीचा पुकारा झाला. समोर होते सोव्हिएत संघाचे रशीद मामादबेयोव्ह.

२/
दोन कुस्त्यांच्या मध्ये ३० मिनिटांची विश्रांती मिळावी, असा नियम होता. तो पंचांपुढे मांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. इशींना सुवर्ण, मामादबेयोव्ह यांना रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

३/
ही हकीकत महाराष्ट्रात आजही हळहळून सांगितली जाते. पण अर्ध्या तासाच्या विश्रांतीने खरोखर काही फरक पडला असता का? घामेजलेला मल्ल बाकावर बसून राहतो, तेव्हा त्याच्या स्नायूंत नेमके काय घडत असते? व्यायाम-शरीरक्रियाशास्त्राच्या बहुतेक मूलभूत संज्ञा या एका प्रश्नात येऊन बसतात.

४/
तालमीला ही गोष्ट आपल्या भाषेत ठाऊक होतीच. नीराकाठच्या बावड्यासारख्या गावांत जत्रेचा फड भरतो, हलगी कडाडते, आणि कडेला बसलेला जाणता माणूस पैलवानाच्या छातीकडे पाहून सांगतो, ‘याला दम लागला’. ‘दम’ हा शब्द फारसीतून आला, अर्थ श्वास. मराठीने त्याचा संसारच थाटला : दम लागणे, दम धरणे, दमसास, दमछाक. आणि विश्रांतीसाठी ‘दम खाणे’. थकवा आणि श्वास यांचे नाते भाषेने कधीच ओळखले होते. मोजमाप तेवढे बाकी होते.

५/
ते मोजमाप केले ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने. हिल स्वतः धावपटू. १९२० नंतरच्या काही वर्षांत मँचेस्टरमध्ये ते आणि त्यांचे सहकारी पाठीवर हवाबंद पिशवी बांधून धावत, उच्छ्वास तिच्यात साठवत आणि नंतर त्यातील वायूंचे पृथक्करण करीत. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. वेगाने धावताना हिल यांचा स्वतःचा आकडा ४ लिटरपर्यंत चढला. त्यापुढे वेग वाढवला तरी ऑक्सिजनचा आकडा फारसा हलेना. ही मर्यादा म्हणजेच ‘कमाल ऑक्सिजन ग्रहण’. ‘दमसास’ या शब्दाचे लिटरमधले रूप, असे म्हणायला हरकत नाही.

६/
त्याहून विलक्षण गोष्ट धावणे थांबल्यावर दिसली. पाय थांबले तरी धाप थांबत नव्हती. शरीर कितीतरी वेळ जादा ऑक्सिजन ओढत राहिले. हिल यांनी हिशेबाच्या वहीतला शब्द उचलला : ‘ऑक्सिजन ऋण’. श्रमाच्या भरात जे उसने घेतले, ते विश्रांतीत फेडायचे. स्नायूंवरील कामासाठी १९२२ चे नोबेल त्यांना ओटो मायरहॉफ यांच्यासह मिळाले.

७/
उसने घेतले ते कोणाकडून? याचे पहिले उत्तर एका भारतीयाच्या हातून आले. आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करीत होते. १९२७ मध्ये त्यांनी स्नायूतील क्रिएटिन फॉस्फेट शोधले. (त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यही स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले होते.) दोन वर्षांनी जर्मनीत कार्ल लोमान यांना एटीपी सापडले. शाळेच्या पुस्तकात एटीपीला ‘ऊर्जेचे चलन’ म्हणतात. मात्र हे चलन स्नायूच्या खिशात अगदी थोडे असते, जेमतेम दोन-तीन सेकंदांपुरते. ते संपू लागताच क्रिएटिन फॉस्फेट ते पुन्हा भरून काढते, तेही सुमारे १० सेकंद. पट काढण्याचा झपाटा, ढाक मारताना अंगात येणारी वीज, ही सारी याच पुंजीवर.

८/
झटापट लांबली की दुसरी वाट धरावी लागते : ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडणे, म्हणजे विनॉक्सिश्वसन. वेग मोठा, मिळकत तुटपुंजी. यातूनच लॅक्टिक आम्ल तयार होते आणि सोबत स्नायूतील आम्लता वाढते. विश्रांतीच्या वेळी लिटरभर रक्तात लॅक्टेट १ मिलिमोलच्या आसपास असते. जोरकस कुस्तीनंतर ते १० ते १५ च्या वर गेलेले आढळते. पकडीत बोटे सैल पडू लागतात, दंड भरून येतात. तिसरी वाट ऑक्सिश्वसनाची. ती संथ, पण दीर्घकाळ साथ देणारी. मोठ्या लढतीत तिन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात. फक्त कोणाचा वाटा किती, हे क्षणाक्षणाला बदलते.

९/
आता ती ३० मिनिटे पाहू. क्रिएटिन फॉस्फेटची निम्मी पुंजी अर्ध्या-एक मिनिटात परत येते आणि पाचेक मिनिटांत ती बहुतेक भरते. स्नायू आम्लाने भरलेला असेल तर थोडी उशिरा. लॅक्टेटचे गणित सावकाश आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तातील लॅक्टेट निम्म्यावर यायला साधारण २० मिनिटे लागतात; सावकाश चालत राहिल्यास कमी. फडावर वस्ताद दमलेल्या गड्याला बसू न देता फिरवत ठेवतात, त्यामागे हेच आहे. शिवाय अंगातील उष्णता उतरायची असते, घामावाटे गेलेले पाणी भरून यायचे असते.

१०/
म्हणजे अर्ध्या तासात खाशाबांचे सारे ऋण फिटले नसते. पण झडप घालण्याची पुंजी जवळजवळ पूर्ण भरली असती आणि आम्लाचे ओझे निम्म्याहून खाली आले असते. तो नियम म्हणजे आयोजकांचा शिष्टाचार नव्हता, त्याला शरीराचे कारण होते. खाशाबा मामादबेयोव्ह यांना हरवतेच, असे यावरून कोणी म्हणू नये. प्रतिस्पर्धीही अव्वल होते. हिरावली गेली ती बरोबरीची संधी, आणि ती किती मोठी होती हे आकड्यांत सांगता येते.

११/
लॅक्टिक आम्लाची एक बदनामीही येथेच पुसायला हवी. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग ठणकते ते ‘साचलेल्या आम्लामुळे’, असे अजून सर्रास ऐकू येते. ते आम्ल तास-दीड तासात निघून गेलेले असते. ठणका येतो तो स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. लॅक्टेट टाकाऊही नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवते. हिल यांचे ‘ऋण’ही पुढे सुधारावे लागले. श्रमानंतरच्या जादा ऑक्सिजनमागे तापलेले शरीर, वेगाने धडधडणारे हृदय अशी आणखी कारणे निघाली, आणि १९८४ पासून संशोधकांनी ‘व्यायामोत्तर अतिरिक्त ऑक्सिजन वापर’ ही कोरडी संज्ञा पुढे आणली. जुनी अधिक बोलकी होती, हे मात्र खरे.

१२/
खाशाबांची घडण लाल मातीतली. जोर, बैठका, आखाडा खणणे. आणि गावाकडची निकाली कुस्ती, जिच्यात घड्याळाला फारसा मान नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट त्यांना नवखी होती, तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. तेथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. पुढची चार वर्षे त्यांनी दमसास कमावण्यात घातली.

१३/
हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून या आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा कऱ्हाड स्थानकापासून गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः मातीत उतरले, जिंकले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.